कुमगाराचे निमंत्रण आणि पाहुण्याचे वस्त्र

मडगावच्या आमच्या शेजारच्या घरातून मागील वर्षी एक निमंत्रण आले. पांढऱ्या जाड कागदाची छोटी पत्रिका, वर सोनेरी पेला आणि गव्हाची ओंबी. घरातील नातीचा ‘कुमगार’ होता. महाराष्ट्रातील, इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी सांगायचे, तर कुमगार म्हणजे कॅथलिक मुलामुलींनी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा संस्कार. पोर्तुगीजमधील ‘कोमुंगार’ या क्रियापदाचे हे कोंकणी रूप होय. पत्रिका वाचून झाली आणि आमच्या सौ.नी कपाटाचे दार उघडले. तेथे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. अखेरीस विचारते झाल्या, “नेसायचे काय?”

प्रश्न किरकोळ वाटतो. लग्नाला काय नेसावे, बारशाला काय, उत्तरकार्याला काय, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवीत नाही. ते अंगवळणी पडलेले असते. परंतु दुसऱ्या धर्माच्या मंगलकार्यात पाहुणे म्हणून जाताना हे अंगवळणी पडलेले ज्ञान अपुरे पडते, प्रसंगी फसवेही ठरते. गोव्यात तर या साध्या प्रश्नामागे साडेचारशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या निमित्ताने आम्ही जे वाचले, आठवले आणि ताडून पाहिले, ते येथे मांडीत आहोत.

आधी संस्काराविषयी. सन १२१५ मध्ये रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने असा नियम केला की, समज आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, ख्रिस्तप्रसाद घ्यावा. आता ‘समज’ केव्हा येते? पुढील शतकांत बहुतेक ठिकाणी दहा, बारा, क्वचित चौदा वर्षांपर्यंत मुलांना थांबवून ठेवीत. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत रोमहून निघालेल्या आदेशाने हे वय सातव्या वर्षाच्या आसपास आणून ठेवले. साधी भाकर आणि प्रसादाची भाकर यांतील भेद मुलाला कळला म्हणजे पुरे, असा त्याचा आशय. आपल्याकडे मुंजीसाठी आठवे वर्ष सांगितले आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोन्हीकडे मूल तेच, दुधाचे दात पडत असलेले, आणि दोन्हीकडे मोठ्यांचा समज हाच की आता याला काही कळू लागले आहे.

त्या दिवशी मूल पांढरे वस्त्र घालते. त्या पांढऱ्याचे मूळ बाप्तिस्म्यात आहे. प्राचीन काळी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतलेले नवदीक्षित आठवडाभर शुभ्र वस्त्रात वावरत. ईस्टरनंतरच्या रविवाराला लॅटिनमध्ये त्यावरूनच शुभ्र वस्त्रांचा रविवार असे नाव पडले. पाद्री वेदीवर जो लांब पांढरा झगा घालतात, त्याचे ‘आल्बा’ हे नावही लॅटिनमधील ‘पांढरा’ या शब्दावरूनच आले. मुलींचा पायघोळ शुभ्र पोशाख, डोक्यावर जाळीदार ओढणी, हातात मेणबत्ती, आणि मुलांच्या दंडावर पांढरी फीत हा थाट एकोणिसाव्या शतकात फ्रान्स व इतर कॅथलिक देशांत रूढ झाला व तेथून जगभर पसरला. म्हणजे त्या दिवसाचा पांढरा रंग हा त्या मुलाचा आहे, तो त्याला बाप्तिस्म्यापासून मिळालेला आहे. पाहुण्यांपैकी कोणाचा त्यावर हक्क नाही.

आमच्या सौ.ची पहिली कल्पना मात्र नेमकी उलट होती. सगळे पांढऱ्यात असणार, तेव्हा आपणही सोनेरी काठांची पांढरी केरळी साडी नेसावी, असे त्यांच्या मनात आले. लगेच दुसरे मन म्हणाले, की मंगलकार्याला पांढरे कसे नेसायचे? आपल्याकडे कोऱ्या वस्त्रालासुद्धा हळदकुंकवाचे बोट लावल्याशिवाय ते अंगाला लावीत नाहीत. निखळ पांढरे हे आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी दुःखाचे चिन्ह होते. शेजारच्या कॅथलिक घरात मात्र विधवा आजी आयुष्यभर काळे घालून राहिलेली आम्ही पाहिली आहे, आणि नववधू पांढऱ्यात. आपले काळे अशुभ खरे, परंतु आपल्या मंगळसूत्रातले मणी काळे आणि संक्रांतीची चंद्रकळाही काळी. रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. माणसे तो त्याला देतात. शेजाऱ्याने त्याच रंगाला दुसरा अर्थ दिलेला असतो, आणि घोटाळा तेथे होतो.

गोव्यात हा घोटाळा नुसता रिवाजातील फरकाने झाला नाही. तो हुकूम काढून करण्यात आला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, स्थापन झाले. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. या न्यायपीठाला वस्त्राचे सामर्थ्य चांगले ठाऊक होते. दोषी ठरविलेल्यांना ‘सांबेनितो’ नावाचा झगा घालून लोकांसमोर मिरवीत. पण त्याहून दूरगामी ठरला तो १७३६ चा जाहीरनामा. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या इंग्रजी ग्रंथात तो आला आहे. तो वाचताना आपण एखाद्या स्वयंपाकघरात व माजघरात शिरलो आहोत असे वाटते. लग्नात हळद लावू नये, अंगणात तुळस ठेवू नये, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये. आणि वस्त्रांबाबत, पुरुषांनी पुडवें म्हणजे धोतर नेसू नये, स्त्रियांनी हिंदू धर्तीची चोळी घालू नये.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. हे निर्बंध हिंदूंवर नव्हते, ते ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांवर होते. धर्म बदलून पिढ्या लोटल्या तरी घरची माणसे तेच धोतर, तीच चोळी, तीच हळद सोडीत नव्हती, म्हणून तर जाहीरनामा काढावा लागला. जी गोष्ट कोणी करीतच नाही, तिला बंदी कोण घालील? तेव्हा १७३६ चा तो कागद हा दडपशाहीचा पुरावा आहेच, पण दोनशे वर्षांनंतरही शेजारी-शेजारी वस्त्रावरून ओळखू येत नव्हते याचाही तो पुरावा आहे. त्यांना ओळखू येईल असे करणे हाच त्याचा हेतू होता.

हुकूम पुष्कळ अंशी यशस्वी झाला, परंतु पूर्णपणे नाही. वस्त्राची स्मृती चिवट असते. सधन ख्रिस्ती स्त्रियांचा ‘पानो भाजू’ आजही मांडो गाताना-नाचताना दिसतो. खाली लुंगीसारखे गुंडाळलेले भरजरी वस्त्र आणि वर सैल झगा. त्यातील ‘पानो’ हा शब्द पोर्तुगीज, ‘बाजू’ हा मलाय. ना पुरा युरोपीय, ना पुरा देशी. जुन्या पिढीतील स्त्रिया चर्चला जाताना ‘ओल’ नावाचे शुभ्र वस्त्र डोक्यावरून पांघरून घेत. आणि सर्वांत बोलका पुरावा लग्नातला. ख्रिस्ती नववधू वेदीपुढे पांढरा पोशाख करते, पण त्यानंतर घालण्यासाठी लाल पोशाख शिवला जातो. त्यासाठी शिंप्याला घरी बोलावून, फटाके वाजवून, कापड कापण्याचा सोहळा होतो. त्या लाल पोशाखाचे नाव ‘साडो’. साडी नेसणे गेले, तिचे नाव आणि तिचा तांबडा रंग मागे राहिला.

ज्यांना असा हुकूम सोसावा लागला नाही, त्यांच्याकडे काय झाले हे पाहण्यासाठी वसईकडे वळावे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली. गोव्यातील जाहीरनाम्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. वसईतील ख्रिस्ती स्त्रिया त्यापुढेही लाल लुगडे नेसत राहिल्या. आजही तेथील सणासमारंभांत ते पाहावयास मिळते, आणि ते नेसून चर्चमध्ये गेल्याने कोणाची श्रद्धा उणावल्याचे ऐकिवात नाही. गोव्यातही फोंडे, डिचोली, पेडणे इत्यादी नव्या काबिजादी १७६३ ते १७८८ च्या दरम्यान पोर्तुगीजांकडे आल्या, तेव्हा धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता. त्यामुळे तेथील पुडवें आणि चोळी यांना कोणी हात लावला नाही. सासष्टी-बारदेशचा पोशाख आणि फोंड्याचा पोशाख यांतील अंतराचे कारण असे राजकीय कालगणनेत आहे.

खुद्द ख्रिस्ती धर्मगुरूंतही याविषयी एकमत नव्हते. रॉबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये मदुरेला गेला. त्याने काळा झगा टाकून संन्याशाची काषाय वस्त्रे आणि खडावा घेतल्या. नवख्रिस्तींना शेंडी व जानवे ठेवू दिले. त्यावरून मोठे वादळ उठले. १६१९ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मसभेत त्याला विरोध झाला, परंतु १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. आणि १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले ते तर ओवीबद्ध मराठीत, याच सासष्टीतील राचोल येथे. परका धर्म देशी वेषात येऊ शकतो हे त्या काळीही ठाऊक होते. ठाऊक असूनही शंभर वर्षांनंतर १७३६ चा जाहीरनामा निघाला, हेच दुःख.

इतके लिहून आम्ही थांबलो, तर भिंत एकाच बाजूने बांधली गेली असे होईल. ते खरे नाही. आम्ही लहान असताना आमच्या घरातील वडीलधारी माणसे ख्रिस्ती घरातून आली की अंगावरचे कपडे थेट विहिरीवर जात. नेसूचे ओवळे झाले, म्हणून अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराची पायरी चढता येत नसे. शेजाऱ्याला ते दिसत असे. कुंपणापलीकडून वाळत घातलेले धोतर पाहून, हे आपल्या घरी येऊन गेल्यामुळे धुतले आहे, हे त्याला कळत नसेल काय? त्याने त्याविषयी कधी एक अक्षर काढले नाही. आमच्या सोवळ्याला कोणत्याही न्यायपीठाचा शिक्का नव्हता, एवढाच काय तो फरक.

याच घरातील एक कुमगार आम्ही पूर्वीही पाहिला आहे. ती १९६९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. शेजारचा मुलगा आमच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्या कुमगाराला आमचे आजोबा आम्हांला बोटाला धरून घेऊन गेले. पांढरेशुभ्र धोतर, गळाबंद कोट आणि डोक्यावर काळी टोपी. चर्चच्या दाराशी आल्यावर ते थबकले. आत सर्व पुरुष बोडके बसलेले. स्त्रियांच्या डोक्यांवर तेवढ्या ओढण्या. संत पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रापासून हा रिवाज चालत आलेला, आणि १९१७ च्या चर्चच्या कायदेसंहितेत तो नियम म्हणून लिहिलेला: पुरुषांनी मस्तक उघडे ठेवावे, स्त्रियांनी झाकावे. आजोबांना संहिता ठाऊक नव्हती, पण चार डोळे त्यांच्या टोपीकडे वळलेले त्यांना समजले.

त्यांची अडचण आज कोणाला हसण्यासारखी वाटेल. आपल्याकडे बोडके डोके हे सुतकाचे लक्षण. मंगलकार्यात उघड्या डोक्याने बसणे म्हणजे यजमानाचे अशुभ चिंतणे. टोपी काढावी, तर आपल्या रीतीने त्या मुलाला अपशकुन. न काढावी, तर त्यांच्या रीतीने त्यांच्या देवाचा अवमान. आजोबांनी दोन्ही केले नाही. ते दाराबाहेर, ओसरीच्या खांबाशी, पूर्ण प्रार्थना संपेपर्यंत उभे राहिले. आम्ही आत-बाहेर करीत होतो. मध्येच शेजारच्या घरातील वृद्ध यजमान उठून बाहेर आले, एक खुर्ची आणून त्यांच्याजवळ ठेवली आणि काही न बोलता पुन्हा आत गेले.

पुढच्या वर्षी आमच्या धाकट्या भावाची मुंज झाली. तेच वृद्ध यजमान काळा सूट घालून आले. मांडवाच्या तोंडाशी त्यांनी पादत्राणे काढली आणि मोठ्या अदबीने हॅटही काढून हातात घेतली. सर्व पगड्या-टोप्यांमध्ये तेवढेच एक उघडे डोके. आमच्या एका वृद्ध नातलग बाईंनी तोंडाला पदर लावून काही पुटपुटलेलेही आम्हांला आठवते. आजोबांनी त्यांना हाताने गप्प केले. आदर दोघांचाही सारखाच होता. एकाने तो डोके झाकून दाखविला, दुसऱ्याने ते उघडे ठेवून.

योगायोग असा की, आजोबा दाराबाहेर उभे राहिले त्याच वर्षी रोमहून एक परवानगी आली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली होती. तिला धरून भारतातील धर्माध्यक्षांनी केलेल्या बारा सूचनांना २५ एप्रिल १९६९ रोजी मान्यता मिळाली. पादत्राणे काढून उपासना करणे, मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, आरती, आणि पाद्रींच्या वस्त्रात अंगवस्त्राला स्थान अशा गोष्टी त्यांत होत्या. ज्या रीती सोडा म्हणून पूर्वी धाक घातला गेला, त्यांपैकी काही आता चर्चच्या दारातून सन्मानाने आत येऊ शकत होत्या. १९८३ च्या नव्या कायदेसंहितेत डोके झाकण्या-उघडण्याचा तो नियमही उरला नाही. पुरुषांनी मस्तक उघडे ठेवण्याची रीत तेवढी शिष्टाचार म्हणून राहिली आहे.

आमच्या पिढीपुढे आजोबांचा पेच आला नाही. आम्ही तो सोडविला, असे म्हणण्याचा मात्र आम्हांला अधिकार नाही. टोपी आमच्या डोक्यावरून केव्हाच गेली होती, ती काही विचारपूर्वक सोडली नव्हती. सर्वांनी सोडली म्हणून आम्हीही सोडली. प्रश्न सुटला नाही, गळून पडला. म्हणूनच पाहुण्याने काय घालावे याचा एकदा तरी विचार करणे आम्हांला आवश्यक वाटते.

आमच्या सौ.नी शेवटी सरळ मार्ग धरला. कुंपणाशी जाऊन त्यांनी शेजारणीलाच विचारले. उत्तर एका दमात आले: “वयनीबाय, धवें भुरग्याक. तुमी तुमचेंच न्हेसून येयात.” पांढरे मुलाला, तुम्ही तुमचेच नेसून या. आमच्या वाचनाचे सारही याहून वेगळे निघाले नाही.

तरीही ज्यांच्याकडे अशी पत्रिका येईल, त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने लिहितो. आपला नेहमीचा मंगलकार्याचा पोशाख चालतो; साडी, कुंकू, मंगळसूत्र यांपैकी काहीही झाकण्याचे वा काढून ठेवण्याचे कारण नाही. निव्वळ पांढरे टाळावे, कारण तो त्या दिवसाच्या मुलाचा मान आहे. काळे त्यांच्याकडे पुरुषांच्या सूटला चालते, पण मूळ शोकाचे म्हणून स्त्रियांनी टाळलेले बरे. आपल्या रीतीलाही ते धरून होते. खांदे, पाठ व गुडघे झाकलेले असावेत. गोव्यातील अनेक देवळांच्या आणि चर्चच्या दारांशी आज याच अर्थाचे फलक दिसतात, म्हणजे निदान या बाबतीत दोन्हीकडच्या देवांचे एकमत आहे. लग्नाइतका भरजरी थाट नको. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दिवशी पाहुण्याच्या शालूकडे नजरा वळू नयेत. पादत्राणे बाहेर काढण्याची सक्ती नसते. इतर काढीत असतील, तरच काढावीत. पुरुषांनी टोपी असल्यास आत हातात घ्यावी. इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे. प्रसाद घेण्यासाठी रांग लागते तेव्हा मात्र आपल्या जागीच बसावे. तो प्रसाद पाहुण्यासाठी नसतो, आणि न घेण्यात त्यांचा अपमान नाही, उलट मान राखणेच आहे.

त्या रविवारी सौ.नी डाळिंबी काठांची हिरवी इरकल नेसली. आम्ही पांढरा सदरा बाजूला ठेवून फिकट निळा घातला. आमची सून पंजाबी पोशाखात होती, आणि यजमानीणबाई स्वतः रेशमी साडीत. चर्चमध्ये आम्हांला पुढून चौथ्या बाकावर बसविले. वेदीपुढे पांढऱ्या पोशाखातील मुले रांगेने उभी होती, आणि त्यांतल्या आमच्या शेजारच्या छोटीचे लक्ष प्रार्थनेपेक्षा हातातल्या मेणबत्तीचे मेण आपल्या नव्या पोशाखावर सांडणार नाही ना, याकडे अधिक होते.

तिचे आजोबा, म्हणजे १९६९ चा तो मुलगा, आमच्या शेजारी बसले होते. विधी संपून बाहेर पडताना ते ओसरीवरील खांबाजवळ थांबले आणि म्हणाले, “तुमच्या आजोबांना इथे खुर्ची दिली होती ना?” हे त्यांनाही आठवत असेल असे आम्हांला वाटले नव्हते. घरी आल्यावर आमचे कपडे विहिरीवर गेले नाहीत. इरकल झटकून, घडी घालून, पुन्हा कपाटात ठेवली.